मदत हवी आहे: क्रूझच्या वाटेत हैफा, त्यावर सरकारी सूचना. उरलेले पैसे भरू की सोडू?

तापीकाठ, भुसावळ
आई (६४) आणि वडील (६८, इन्सुलिन चालू) यांचं सात रात्रींचं क्रूझ बुक केलंय. पिरेयसहून (अथेन्सचं बंदर) निघून पिरेयसलाच परत, मध्ये सॅन्टोरिनी, र्‍होड्स, लिमासोल, हैफा (इस्रायल). क्रूझचे दोघांचे ३ लाख ४० हजार. ८० हजार भरले, बाकीचे २५ तारखेच्या आत. मुंबई-दोहा-अथेन्स विमान वेगळं काढलंय. बुकिंगनंतर परराष्ट्र मंत्रालयाची सूचना आली: इस्रायलला अत्यावश्यक नसलेला प्रवास टाळा. विमा अजून काढलेला नाही. एजंट म्हणतो, "काही होत नाही, जहाज जातंच." काय बघून ठरवावं?

भरीत_भाकरी, जळगाव
भो, सूचना म्हणजे बंदी नव्हे. तिचा मार बसतो तो विम्यावर. बहुतेक प्रवास विम्यांत युद्ध वगळलेलं असतं, आणि पॉलिसी घेण्याआधीच सूचना निघालेली असली तर तो "आधीच माहीत असलेला धोका" ठरतो. हैफामुळे सहल बुडाली तर विम्यातून एक रुपया येणार नाही असंच धरून चाल.

तरी विमा काढायचाच, आजारपणासाठी. वडिलांचा मधुमेह फॉर्ममध्ये लिही, लपवलास तर दवाखान्याचा क्लेमही जाईल. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल केबिनच्या खात्यावर चढतं, ते आधी आपण भरायचं आणि मग विम्याकडे मागायचं.

पैसे भरण्याआधी विमा कंपनीला हे ईमेल कर: "सूचना अमुक तारखेची आहे, पॉलिसी त्यानंतर घेत आहोत, मार्गात हैफा आहे. ग्रीसमध्ये किंवा भर समुद्रात आजारी पडल्यास उपचार आणि रुग्ण हलवण्याचा खर्च मिळेल का? हैफात न उतरता जहाजावरच थांबल्यास फरक पडतो का?" उत्तर लेखीच हवं. फोनवरचं "हो सर" क्लेमच्या वेळी कोणी विचारत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते "लेव्हल ३" अमेरिकी सरकारच्या प्रवास सूचनेचं, त्यांच्या नागरिकांसाठी. आपल्याकडे असे आकडे नसतात. वाक्य वाचायचं: "सावध राहा", "अत्यावश्यक नसलेला प्रवास टाळा" आणि "देश सोडा" यांत फार अंतर आहे.

सातपुडा_पॅसेंजर, नंदुरबार
जहाज धोक्यात जाईल ही भीती मला कमी वाटते. कंपन्या स्वतःच आधी अंग काढून घेतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर त्यांनी इस्रायलची बंदरं गाळली. १९ नोव्हेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर हे मालवाहू जहाज पळवलं गेलं, पुढे हल्ले वाढले तशी प्रवासी जहाजंही आफ्रिकेला वळसा घालू लागली. युद्धक्षेत्रात जहाजाच्या विम्याचा हप्ताच परवडत नाही.

तुमचं दुखणं पैशाचं आहे. अख्खी सफर कंपनीने रद्द केली तर पैसे परत मिळतात. नुसतं हैफा गाळलं तर नाही, फार तर त्या बंदराचे शुल्क परत. तिकिटाच्या करारात बंदर बदलायचा हक्क कंपनीने राखलेलाच असतो. तुम्ही रद्द केलंत तर २५ च्या आत बहुधा अ‍ॅडव्हान्सवर भागतं, नंतर कापायची टक्केवारी चढत जाते आणि शेवटच्या दिवसांत शंभर टक्के. एजंटची स्वतःची कापणी वेगळी, तीही आजच लेखी मागा.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते: बदली बंदर कोणतं? हैफाऐवजी कुशादासी आलं तर तुर्कस्तानचा व्हिसा लागेल. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा असला की तुर्कस्तानचा ऑनलाइन निघतो, पण काढावा लागतो. उतरायचं नसलं तरी मार्गातल्या देशाचा व्हिसा नाही म्हणून जहाजावर चढू न दिल्याचे प्रकार होतात. दोन्ही बंदरं शेंगेनबाहेरची, तेव्हा ग्रीसमध्ये परत शिरायला शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच (एकापेक्षा जास्त वेळा शिरता येणारा) हवा. पासपोर्टवरचा शिक्का आजच काढून बघा.

केळीचा_घड, रावेर
मला हैफापेक्षा दोहा (कतार) टोचतंय. २३ जून २०२५ ला कतारने आकाश बंद केलं तेव्हा उड्डाणं धडाधड वळवली गेली. तुमचं विमान आणि क्रूझ वेगवेगळ्या बुकिंगवर आहेत. विमान रखडलं तर जहाज थांबणार नाही, आणि जहाज रद्द झालं तर विमानवाला जबाबदार नाही. अथेन्सला किमान एक दिवस आधी पोचा, जमलं तर दोन. भुसावळहून मुंबईची गाडीही विमानाच्या आदल्या दिवशीचीच धरा.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि जहाजाच्या दारात दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला कित्येक तास लागतात. सात दिवसांचं जास्तीचं औषध, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. पासपोर्ट काही जहाजं जमा करून घेतात, म्हणून रंगीत झेरॉक्स आणि अथेन्सच्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून वडिलांच्या खिशात.

तापीकाठ, भुसावळ
शिक्का बघितला, मल्टिपल आहे. विम्याला ईमेल गेलं. एजंटचा निरोप आला की कंपनी हैफाचं २० तारखेला ठरवणार. सफरच रद्द झाली तर पैसे रोख हवेत की क्रेडिट (पुढच्या सफरीत वळते होणारे), असं तो विचारतोय. क्रेडिटवर थोडी जास्तीची सूट म्हणे.

सातपुडा_पॅसेंजर, नंदुरबार
रोख. क्रेडिटला मुदत असते, ते बहुधा दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि वडील ६८ चे आहेत. २० ला कंपनीचं उत्तर लेखी आलं नाही तर २४ ला रद्द करा, २५ ची वाट बघू नका. शेवटच्या दिवशी एजंट फोन उचलत नाहीत.