मदत हवी आहे: सिरॉसिसच्या पेशंटला ऐकवता येईल अशी मराठी माहिती

अण्णांना (वय ६८) लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार) आहे, पोटात पाणी होतं. उपचार चालू आहेत, औषध विचारत नाहीये. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणि दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतकं लॅक्टुलोज (पोट साफ करणारं औषध), असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण पोट साफ झालं की अण्णांना वाटतं औषध बाधलं, लगेच बंद! भाजी अळणी केली तरी ताटात लोणचं-पापड हवंच. इंग्रजी पत्रक मराठीत करून दिलं, पण त्यांना वाचवत नाही. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकतात (घरोघरी हेच असणार). यूट्यूबवर झाडपाल्याचेच व्हिडिओ सापडले, ते नकोत. मीठ, लॅक्टुलोज आणि बरळणं, काळी शौच ही धोक्याची लक्षणं लिव्हरच्या डॉक्टरांनी सोप्या मराठीत समजावलेला छोटा ऑडिओ किंवा व्हिडिओ कुणाला माहीत आहे का?