टॅलसचा (घोट्यातलं हाड) ओसीडी (कूर्चेखालचं हाड खराब होऊन तुकडा सुटू पाहणं), वय १२, ग्रोथ प्लेट (हाडाचा वाढणारा थर) उघडी: ड्रिलिंग कुठून करावं?

ऑर्थो_निवासी
मुलगी १२ वर्षांची. टॅलसच्या घुमटावर आतल्या बाजूला, मागच्या अंगाला ९ मिमीचा ओसीडी. सहा महिने बूट आणि खेळ बंद, तरी चालताना दुखतंच. एक्स-रेत भरून येण्याची खूण नाही. एमआरआयवर कूर्चा सलग, तुकड्याखाली पाण्याची रेघ नाही. रेट्रोग्रेड ड्रिलिंग (कूर्चेला न भोसकता खालून, हाडातून) करावं की मॅलिओलसमधून (घोट्याच्या आतल्या उंचवट्यातून)?

बालअस्थी
कूर्चा सलग असताना तिला भोकं का पाडायची? रेट्रोग्रेडच करा. मात्र आधी २.७ मिमीचा स्कोप (सांध्यात घालायची दुर्बीण) घालून प्रोबने (बारीक आकड्याने) दाबून बघा, एमआरआय कधीकधी फसवतो. मग १.१ किंवा १.६ मिमीची गुळगुळीत के-वायर (ड्रिलसारखी टोकदार तार) बाहेरून, सायनस टार्सीतून (घोट्याच्या बाहेरच्या अंगाची हाडांमधली खोबण), लीजनच्या (खराब जागेच्या) दिशेने. सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असतानाचा एक्स-रे) मॉर्टिस (पाय थोडा आत वळवून समोरून) आणि लॅटरल (बाजूने) दोन्ही बघा. एकावरच विसंबलात तर तार लीजनच्या पुढून किंवा मागून निघून जाते आणि ऑपरेशन फुकट. कडक झालेली कड हाताला लागते. तिथून पुढे एकेक मिमी. स्कोपमध्ये कूर्चा उचलली जाताना दिसली की थांबा. पहिली तार तशीच ठेवून बाकीच्या तिच्या आजूबाजूला घाला. ड्रिल सावकाश, वर सलाईन सोडत, नाहीतर हाड तापून मरतं.

घोटा_स्कोप
बरोबर. मॅलिओलसमधून गेलात तर टिबियाची (नडगीच्या हाडाची) चांगली कूर्चा नाहक भोसकली जाते. मॅलिओलसची ऑस्टिओटॉमी (हाड कापून वाट करणं) तर या वयात नकोच: ग्रोथ प्लेटला आतून इजा झाली की घोटा वाढताना व्हॅरसमध्ये जातो, म्हणजे आत वळतो. अँटेरोलॅटरल पोर्टलआधी (स्कोपसाठी पुढे-बाहेरच्या अंगाला पाडायचं छिद्र) चौथं बोट खाली वाकवून सुपरफिशियल पेरोनियल नर्व्ह (कातडीखालची नस) पेनने आखा. सुरी फक्त कातडीपुरती, पुढे मॉस्किटो (बारीक चिमटा).

ऑर्थो_निवासी
आणि प्रोबने दाबल्यावर तुकडा हलला तर, सर?

बालअस्थी
मग बेत बदला. तुकड्याला ३ मिमीच्या वर धड हाड असेल तर बूड खरवडा, रक्त येईपर्यंत ड्रिल करा आणि विरघळणाऱ्या पिनांनी बसवा. पिनांची डोकी कूर्चेच्या किंचित खाली, वर राहिली तर समोरची कूर्चा घासते. चुराच झाला असेल तर काढून मायक्रोफ्रॅक्चर (उघड्या हाडाला बारीक भोकं पाडणं), भोकं ३-४ मिमी अंतरावर. फार जवळ पडली तर मधलं हाड ढासळतं. गुडघ्यातून प्लग (कूर्चेसकट हाडाचा तुकडा, इथे बसवायला) काढायची घाई नको, तिथली ग्रोथ प्लेटही उघडीच आहे.

फिजिओ_ताई
नंतर साधारण सहा आठवडे वजन नाही. घोट्याची हालचाल टाके काढल्यावर सुरू. दुखणं आधी थांबतं, हाड मागाहून भरतं. त्यामुळे ‘आता दुखत नाही’ एवढ्यावर मैदानात सोडू नका, एक्स-रे बघा.