मदत हवी आहे: नव्या टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा दिसतो आणि गेम उशिरा ऐकतो

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहतो. दिवाळीत घरी ५५ इंची ४के टीव्ही आला. तात्यांना (माझे वडील) सिनेमे बघायला आणि मला प्लेस्टेशन ५ लावायला, अशी दोघांची मिळून खरेदी. महिना होत आला तरी दोघांचंही समाधान होत नाहीये. जरा लांबण लावून लिहिते, कारण अडचण नेमकी कशात आहे हे कळायलाच मला वेळ लागला.

तात्या ३१ वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर होते. सुरुवात तंबू टॉकीजमधून. पुसेगाव, पाल, खरसुंडी अशा जत्रांतून पडदा ठोकत फिरायचे. पुढे सांगलीतल्या एका थिएटरच्या केबिनमध्ये कायमचे लागले. दोन मशिनं, उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या, दोन हजार फुटांचं एक रीळ म्हणजे साधारण बावीस मिनिटं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्यांदा दिसला की बदलायचं. आजही सिनेमा बघताना त्यांची नजर मधूनच त्या कोपऱ्यात जाते. डिजिटल आलं तेव्हा त्यांनी काम सोडलं.

नव्या टीव्हीवर पहिला सिनेमा लावला तो 'तुंबाड'. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा आम्ही दोघं जाऊन आलो होतो. तात्या सहसा नव्या सिनेमाचं कौतुक करत नाहीत, पण त्या दिवशी परत येताना रिक्षात म्हणाले होते, "अंधार कसा धरलाय बघ." आता घरी दहाव्या मिनिटाला त्यांनी रिमोट मागितला. "पोरी, हे तुंबाड न्हाई. लग्नाची कॅसेट बघितल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, तात्या, चित्र साफ आहे म्हणून तुम्हाला वेगळं वाटतंय. ते म्हणाले, "साफ हाय की. पण पाऊस बघ. पाऊस पडंना, नुसता सरकतोय."

मला वाटलं जुन्या सवयीचा माणूस, नवं चित्र पटत नसेल. चूक माझी होती. तोच प्रसंग मोबाइलवर लावून शेजारी धरला, तर मोबाइलवरचा पाऊस वेगळा होता. थिएटरात पाहिला तसा. टीव्हीवर माणसं चालताना खरंच तरंगल्यासारखी दिसतात, सेट सेटसारखा दिसतो, मेकअप मेकअपसारखा.

दुसरी अडचण माझी. 'गॉड ऑफ वॉर' मी जुन्या मॉनिटरवर दोनदा संपवला आहे. या टीव्हीवर बटण दाबलं की कुऱ्हाड क्षणभर विचार करून निघते. शत्रूचा वार अडवायला ढाल उचलावी तर तोवर वार बसलेला असतो.

दुकानदार म्हणतो, सगळे टीव्ही असेच असतात.

हे माझ्यासाठी एवढं महत्त्वाचं का, तेही सांगते. मला सिनेमा आणि गेम दोन्ही सारखेच प्रिय आहेत आणि गेम म्हणजे पोरखेळ हे मला अजिबात मान्य नाही. हल्लीच्या बऱ्याच मारधाडीच्या सिनेमांत कोण कुठे उभा आहे हेच कळत नाही. सेकंदासेकंदाला कट, कॅमेरा हलता, वर ढोलांचा गजर. कुणी कुणाला मारलं हे वार झाल्यावर समजतं. चांगल्या गेममध्ये असं करताच येत नाही, कारण खेळणाऱ्याला आपले पाय कुठे आहेत, मागे भिंत आहे की कडा, हे माहीत असावंच लागतं. 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच शॉटमध्ये आहे. बाप आणि मुलगा आईची रक्षा घेऊन डोंगराकडे निघतात आणि कॅमेरा एकदाही त्यांना सोडत नाही. हे तात्यांना सांगितल्यावर ते पहिल्यांदाच माझ्या खेळाकडे खुर्ची वळवून बसले. तासाभराने म्हणाले, "अजून रीळ बदललं न्हाई?"

म्हणून मला दोन्ही गोष्टी याच पडद्यावर नीट हव्या आहेत. एकाच टीव्हीवर हे जमतं का? कोणतं सेटिंग बदलू? आणि तात्यांना शेजारी बसून बघता येईल असा आणखी एखादा गेम सुचवा. त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे.

प्रीतिसंगम

ताई, आधी तात्यांना कराडहून नमस्कार सांगा. त्यांचा डोळा पक्का आहे.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. बोलपट आले तेव्हा आवाजाची पट्टी एकसारख्या वेगाने चालवणं भाग पडलं आणि हा आकडा ठरला. तुमचा टीव्ही त्या दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने नव्या फ्रेम तयार करून घुसवतोय, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते आणि सिनेमा व्हिडिओवर काढलेल्या मालिकेसारखा दिसतो. पाऊस सरकतो म्हणाले ते अगदी बरोबर. थेंबांमधल्या फ्रेम कॅमेऱ्याने टिपलेल्याच नाहीत, त्या यंत्राने अंदाजाने रंगवल्यात.

प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळं नाव दिलंय: ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. पिक्चरच्या प्रगत सेटिंगमध्ये शोधा आणि पूर्ण बंद करा. 'कमी' वर ठेवू नका, बंदच करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर उत्तम, २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंनी मिळून तो याच कारणासाठी आणला. टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये एका चित्रीकरणाच्या मधल्या वेळात खास व्हिडिओ काढून लोकांना हेच बंद करायला सांगितलं होतं.

हळदपेठ

मला मात्र ती गुळगुळीत हालचाल आवडते. क्रिकेटमध्ये चेंडू स्पष्ट दिसतो. आणि जास्त फ्रेम वाईट कशा? 'द हॉबिट' २०१२ मध्ये ४८ फ्रेममध्ये काढला होता, 'अवतार'च्या दुसऱ्या भागातही काही प्रसंग ४८चे होते. सिनेमावाल्यांनी केलं की कला आणि टीव्हीने केलं की खोट?

प्रीतिसंगम

हळदपेठ, क्रिकेटला खुशाल चालू ठेवा. पण ४८ मध्ये चित्रीकरण केलं तेव्हा त्या ४८ फ्रेम कॅमेऱ्याने खरोखर घेतल्या होत्या. दिग्दर्शकाने प्रकाश, वेग, सगळं त्या हिशोबाने ठरवलं होतं. तरी 'हॉबिट' खूप जणांना खटकला. २४ला काढलेल्या चित्रात नंतर घरी बसून भर घालणं ही वेगळी गोष्ट आहे.

मिरज जंक्शन

गेमचं मी सांगतो. प्लेस्टेशनची केबल टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेत लावलीय त्या इनपुटला 'गेम मोड' द्या. 'ऑटो लो लेटन्सी मोड' असेल तर तोही चालू करा, म्हणजे कन्सोल लावला की टीव्ही आपोआप गेम मोडवर जाईल. मधल्या फ्रेम बनवायच्या तर टीव्हीला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून तुमची कुऱ्हाड अडते. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. टीव्हीने अशा पाचसहा फ्रेम खाल्ल्या तरी हाताला लगेच कळतं.

म्हणूनच सिनेमाला २४ पुरतात आणि गेमला पुरत नाहीत. सिनेमाचा कॅमेरा साधारण १/४८ सेकंद उघडा असतो, त्यात हालचाल जराशी पुसट होते आणि डोळा ती जोडून घेतो. शिवाय सिनेमात आपण फक्त बघतो. गेममध्ये आपल्या बोटाचं उत्तर पडद्यावर यायचं असतं.

तात्यांसाठी 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' बघा. १२७४ मध्ये जपानच्या त्सुशिमा बेटावर मंगोल चालून आले, त्या काळातली गोष्ट. त्यात जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या नावाचा 'कुरोसावा मोड' आहे. चित्र काळंपांढरं होतं, जुन्या फिल्मचे कण दिसतात, वारा जास्त सुटतो, आवाजही जुन्या सिनेमासारखा होतो. वाट दाखवायला बाण नाही, वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे जायचं. वाचायला फारसं लागत नाही, बोललेलं तुम्ही सांगत गेलात तरी चालेल.

विश्रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरज जंक्शन, गेम मोड लावला आणि कुऱ्हाड हाताला चिकटल्यासारखी चालू लागली. पहिल्याच लढाईत फरक कळला.

सिनेमाचं अर्धं काम झालं. मधल्या फ्रेमवालं सेटिंग 'स्पोर्ट्स' मोडमध्ये जास्तीत जास्त वाढवलेलं होतं, ते बंद केलं. माणसं पुन्हा माणसांसारखी चालतात. पण कॅमेरा संथपणे एका बाजूला फिरतो तेव्हा चित्र झटके खात जातं. तात्या म्हणतात, फिल्म मशिनच्या गेटमध्ये (भिंगामागच्या चौकटीत) सैल बसली की असंच व्हायचं. हे वेगळं काही आहे का? सिनेमे आम्ही टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवरून बघतो.

प्रीतिसंगम

गेटची उपमा चपखल आहे. तुमची स्टिक बहुतेक सेकंदाला ६० चित्रं बाहेर पाठवतेय. ६०ला २४ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा अशी दाखवावी लागते. संथ फिरणाऱ्या शॉटमध्ये ती लंगडी चाल दिसते. थिएटरच्या मशिनमध्ये शटर प्रत्येक फ्रेमवर दोनदा उघडायचं, सगळ्या फ्रेमना सारखाच वेळ मिळायचा, हे तात्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय शोधा आणि चालू करा. टीव्हीच्या खोक्यावर १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) लिहिलंय का तेही बघा. १२०ला २४ने पाच वेळा पूर्ण भाग जातो.

आटपाडीचा

उत्तर म्हणून नाही, फक्त सांगायचं म्हणून. खरसुंडीच्या जत्रेत तंबूत बसून सिनेमे बघितलेला मीही एक. पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं की तिकीट कमी पडायचं आणि नावं उलटी दिसायची. तात्यांनी लावलेला एखादा सिनेमा मी पाहिला असेल. त्यांना सांगा.

विश्रामबागकर

आटपाडीचा, त्यांना वाचून दाखवलं. कोणत्या सालची जत्रा असं विचारतायत, जमलं तर कळवा.

आता निकाल. खोक्यावर १२० हर्ट्झच लिहिलंय. स्टिकमध्ये तो पर्याय सापडला, बंद होता, चालू केला. काल रात्री पुन्हा 'तुंबाड' लावला. वाड्यातला कंदिलाचा उजेड, मागचा काळोख, सगळं जागच्या जागी. तात्यांनी दहाव्या मिनिटाला रिमोट मागितला नाही. पाऊस आला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, ते पडद्याकडेच बघत होते. मध्यंतरालाही उठले नाहीत.

'त्सुशिमा' कालपासून सुरू केलाय. कुरोसावा मोडमध्ये घोडा गवतातून धावायला लागला तसं त्यांनी मला थांबवलं आणि फिल्मचे कण नीट बघायला खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "प्रिंट जुनी हाय, पण ओरखडे न्हाईत." आणि एक बारीक गोष्ट त्यांनी पकडली. गवत आणि कपडे वाऱ्यावर अगदी सलग हलतात. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमात ती सलगता नव्हती. चित्र जुनं दिसतं पण चाल नवी आहे. मला हे सुचलंच नसतं. तरीही माझं मत विचाराल तर खेळताना मला ६०च हवेत, आणि हे त्यांनाही मान्य आहे, फक्त त्याला सिनेमा म्हणू नकोस म्हणाले.

एकच भानगड उरली होती. दादा रविवारी क्रिकेट बघायला येतो आणि पुन्हा 'स्पोर्ट्स' लावून जातो. त्यावर तात्यांनीच उपाय काढलाय. केबिनमध्ये रिळांचा क्रम लिहून भिंतीला लावायचे तशी तीन ओळींची चिठ्ठी त्यांनी टीव्हीच्या कडेला डकवली आहे: सिनेमा, गेम, क्रिकेट, आणि प्रत्येकापुढे कोणता मोड ते.