मदत हवी आहे : ग्रंथालयातली पुस्तकं झेरॉक्स करणं, पीडीएफ फिरवणं – मर्यादा नेमकी कुठे? (निपाणी-बेळगाव भाग)

निपाणी_ग्रंथालय
नमस्कार मंडळी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी कॉपीराइटची नियमावली लिहायची आहे. विद्यापीठ राणी चन्नम्मा, आणि अडचण मुख्यतः मराठी एम.ए.च्या मुलांची. संदर्भग्रंथ पुण्या-कोल्हापूरकडून येतात, त्यांची एकेकच प्रत असते आणि निम्मे तर आता छापलेच जात नाहीत. मुलं पुस्तक घेऊन गेटसमोरच्या दुकानात अख्खं झेरॉक्स मारून स्पायरल करतात. नाहीतर मोबाईलवर स्कॅन करून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. शिवाय जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवा, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे.
प्रश्न असे : "दहा टक्के पानं चालतात" हा नियम खरा का? स्कॅन करून ठेवता येतं का? आणि मुलं वाचतील असा फलक कसा लिहायचा?

कलम_५२
सर, कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये ग्रंथालयातल्या झेरॉक्ससाठी दहा टक्क्यांचा नियम कुठेही नाही. हा आकडा बहुधा यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतून आला असावा. तिथे प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. पण तो वाङ्मयचौर्याचा हिशेब झाला, कॉपीराइटचा नव्हे. तुमच्या नियमावलीत या दोन गोष्टी वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. मूळ लेखकाचं नाव दिलं म्हणून अख्खं पुस्तक छापायची परवानगी मिळत नाही, आणि हक्क संपलेल्या पुस्तकातला उतारा नाव न देता घेतला तर ती चोरीच ठरते.

कलम ५२(१) मध्ये तुमच्या कामाच्या दोन तरतुदी आहेत. पहिली, खाजगी वापर किंवा संशोधनासाठी केलेला वाजवी उपयोग. एखादं प्रकरण, एखादा लेख स्वतःच्या अभ्यासासाठी काढणं यात बसतं. दुसरी, शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला याच तरतुदीवर लढला गेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक २०१२ मध्ये कोर्टात गेले होते. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या उताऱ्यांचे संच काढणं मान्य केलं आणि पानांची ठराविक टक्केवारी घालून दिली नाही. शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागतं तेवढं, ही कसोटी धरली.

मात्र हा निकाल वाचून "सगळं चालतं" असा अर्थ काढू नका. तिथे वाद होता अनेक पुस्तकांतली निवडक प्रकरणं एकत्र बांधण्याचा. बाजारात मिळणारं एकच पुस्तक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत स्पायरल करणं ही निराळी गोष्ट आहे. शिवाय तो दिल्लीचा निकाल आहे. कर्नाटकात त्याचा आधार देता येईल, पण इथल्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही.

कपाट_क्रमांक_सात
स्कॅनिंगचं सांगते. आधी पुस्तकांची विभागणी करा, नाहीतर सगळंच अडतं. लेखकाचं निधन ज्या वर्षी झालं, त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून हक्कमुक्त आहे. आपल्या बेळगावच्या इंदिरा संत २००० मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०६० अखेरपर्यंत हक्क आहे. निधनानंतर पहिल्यांदा छापलेलं असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड १८८४ चा. तो बिनधास्त स्कॅन करा, मुलं सारखी मागतात.

सीमाभागात हमखास चुकतं ते भाषांतरात. बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांच्या वचनांवर कुणाचाच हक्क नाही. पण त्यांचा गेल्या वीस-तीस वर्षांतला मराठी अनुवाद, त्याची प्रस्तावना, टिपा, यांवर अनुवादकाचा आणि संपादकाचा स्वतंत्र हक्क असतो. म्हणून नोंदवहीत लेखकासोबत अनुवादक आणि संपादक यांच्या निधनाचे रकाने हवेतच. उलट बाजूही सांगा : हयात कन्नड लेखकाची कथा मराठीत आणून मासिकात छापायची असेल तर त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

निपाणी_ग्रंथालय
मॅडम, फार उपयोगी. पण हक्क शिल्लक आहे, पुस्तक मात्र कुठेच मिळत नाही आणि प्रकाशनसंस्थाही बंद पडली, तिथे काय करायचं?

कलम_५२
अशा वेळी दोन उपखंड बघा. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात, त्याही ग्रंथपालाच्या देखरेखीखाली. आणि छापील प्रत आधीपासून तुमच्याकडे असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. ही दुसरी सवलत २०१२ च्या दुरुस्तीत आली. दोन्हीकडे शब्द आहेत "अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय", आणि त्यांची व्याख्या कायद्यात नाही. महाविद्यालयाचं ग्रंथालय त्यात बसतं का, यावर वाद होऊ शकतो. म्हणून पुस्तक मिळत नसल्याचा पुरावा फाईलला लावा : दोन-तीन विक्रेत्यांना आणि प्रकाशकाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवलेली पत्रं, त्यांची उत्तरं किंवा परत आलेली पाकिटं, तारखेसह. लेखकाचे वारस सापडले तर त्यांना थेट विचारा. संस्था बंद पडली म्हणून लेखकाचा हक्क संपत नाही.
जतनाची प्रत खुल्या संकेतस्थळावर टाकायची नाही. व्यवस्थापनाला हे लेखी कळवा.

अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र अख्खं पुस्तक स्कॅन करून द्या. ५२(१) मध्येच त्याची स्पष्ट मोकळीक आहे. भीतीपोटी ग्रंथालयं हेच नाकारतात, याचं फार वाईट वाटतं.

ई_जर्नल_कक्ष
एन-लिस्टचा, म्हणजे महाविद्यालयांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या ऑनलाइन सेवेचा मुद्दा राहिलाय. तिथे कायद्यासोबत परवान्याच्या अटीही लागू होतात. एकेक लेख अभ्यासासाठी उतरवणं चालतं. अख्खा अंक ओळीने किंवा सॉफ्टवेअर लावून उतरवला की प्रकाशकाच्या सर्व्हरला ते दिसतं, आणि बंद होतो तो सगळ्या महाविद्यालयाचा प्रवेश. ऐन प्रबंधाच्या दिवसांत हे झालं तर मुलांचे हाल. पासवर्ड मित्राला देणंही अटींत बसत नाही. ग्रुपवर पीडीएफऐवजी लेखाची लिंक टाकायची सवय लावा, ज्याच्याकडे खातं आहे तो उघडेल.

कपाट_क्रमांक_सात
फलक दारात लावू नका, तिथे कुणी थांबत नाही. झेरॉक्स मशीनवर आणि देवघेवीच्या काउंटरवर लावा, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत. कलमांचे आकडे नकोत. मजकूर एवढा पुरे :
"स्वतःच्या अभ्यासासाठी लागणारं प्रकरण किंवा लेख काढा. बाजारात मिळणारं पूर्ण पुस्तक काढू नका. स्कॅन ग्रुपवर टाकू नका. पुस्तक मिळत नसेल तर काउंटरवर सांगा."
शेवटच्या ओळीसाठी काउंटरवर मागणीवही ठेवा. मुलं अख्खं पुस्तक काढतात ते बहुतेकदा प्रत एकच असते म्हणून. ज्या पुस्तकाची मागणी वारंवार येते त्याच्या दोन प्रती पुढच्या खरेदीत घ्या, आणि तोवर एक प्रत रात्रीपुरती देण्यासाठी राखून ठेवा.
गेटसमोरच्या दुकानदारालाही फलकाची प्रत द्या. तयार स्पायरल रचून विकणं हा धंदा ठरतो, आणि कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

निपाणी_ग्रंथालय
मनापासून आभार. अनुवादकाचा रकाना आजच वाढवतो. मागणीवहीचा नमुना तयार झाला की इथेच टाकतो, चिक्कोडी-खानापूरच्या ग्रंथालयांनाही वापरता येईल.