43 शाखांचे एसक्यूएल सर्व्हर एकेक करून रजिस्टर करायचे का? स्क्रिप्टनं होतंय का?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेत आयटी बघतो. 43 शाखा आहेत, उदगीर, अहमदपूर, निलंग्यापासून तिकडं मुखेड, देगलूरपर्यंत, आणि दर शाखेत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस 2019 (मायक्रोसॉफ्टचं फुकट डेटाबेस सॉफ्टवेअर) बसवलाय. बॅकअप झाला का, डेटाबेस 10 जीबीच्या लिमिटला टेकला का, एवढंच बघायला रोज सकाळी मॅनेजमेंट स्टुडिओ (सर्व्हरला जोडून बघायचा प्रोग्रॅम) उघडायचा, आयपी टाका, पासवर्ड टाका, परत पुढची शाखा, दीड तास ह्यातच जायलाय. त्यातल्या रजिस्टर्ड सर्व्हरमध्ये (सर्व्हरचे पत्ते साठवायची यादी) हातानं भरायला लागलो तर 9 शाखांत दोन आयपी चुकले, आणि गेल्या आठवड्यात पीसी बदलला तर होतं तेही गेलं. यादी एक्सेलमध्ये हाय. सगळं एकदम टाकता येतंय का? माझ्यासोबत अजून एक पोरगा हेच काम करायलाय, त्याच्याकडं पण दिसायला पाहिजे.

गोदातीर (नांदेड)
येतंय की भाऊ. तुमचं गेलं कारण लोकल सर्व्हर ग्रुपची यादी तुमच्या विंडोज प्रोफाइलमधल्या एका एक्सएमएल फाइलीत असते, पीसी बदलला की संपलं. दोघांना दिसायला पाहिजे तर हेड ऑफिसच्या सर्व्हरवर सेंट्रल मॅनेजमेंट सर्व्हर (सगळ्यांना दिसणारी एकच सामायिक यादी) करा, 2008 पासून ही सोय आहे, यादी त्या सर्व्हरच्याच एमएसडीबी डेटाबेसमध्ये राहते. पॉवरशेलला (विंडोजमध्ये स्क्रिप्ट चालवायची सोय) डीबीएटूल्स नावाचं फुकट मॉड्यूल आहे, सीएसव्ही (एक्सेलची यादी साध्या मजकुरात सेव्ह केलेली फाइल) वाचायची आणि लूपमध्ये दर ओळीला एक सर्व्हर नोंदवायचा. आम्ही जिल्ह्यावार ग्रुप केलेत.

बालाघाट_डीबीए (बीड)
थांबा दादा, आधी एक सांगा, शाखा डोमेनमध्ये (सगळ्या पीसींचे लॉगिन एकाच ठिकाणाहून सांभाळणारं नेटवर्क) आहेत का? सेंट्रलवाला एसक्यूएल लॉगिनचा (डेटाबेस सर्व्हरचं स्वतःचं नाव-पासवर्ड) पासवर्ड ठेवतच नाही, तिथं विंडोज लॉगिनच चालतं. पतसंस्थेच्या शाखा बहुतेक वर्कग्रुपवरच (दर पीसीचं लॉगिन वेगळं) असतात, मग नोंद होईल पण जोडायला गेलं की लॉगिन फेल. वर्कग्रुप असेल तर लोकल ग्रुपच बरा, त्यात एसक्यूएल लॉगिन ठेवता येतो. पॉवरशेलच्या एसक्यूएल ड्राइव्हमध्ये रजिस्ट्रेशनचा फोल्डर आहे, तिथं न्यू-आयटम कमांडला कनेक्शन स्ट्रिंग (सर्व्हरचा पत्ता आणि लॉगिन असलेली ओळ) दिली की नोंद पडते. आणि हात जोडून सांगतो, पासवर्ड त्या एक्सेलमध्ये लिहू नका, स्क्रिप्ट चालवताना विचारून घ्या.

मांजराकाठ
वर्कग्रुपच हाय सर. मग त्या पोराच्या पीसीवर कसं जाणार?

बालाघाट_डीबीए
यादी आणि स्क्रिप्ट शेअर फोल्डरमध्ये ठेवा, त्यानं त्याच्या पीसीवर चालवायची. पासवर्ड त्या त्या विंडोज युजरलाच एन्क्रिप्ट होऊन राहतो, फाइल कॉपी करून चालत नाही म्हणून प्रत्येकानं आपापलीच चालवायची. फक्त आधी नोंद आहे का तपासायचं, असेल तर काढून परत टाकायची, नाहीतर दुसऱ्या वेळी त्याच नावावर अडकते. एवढं केलं की पीसी दहा वेळा बदलला तरी काळजी नाही.

परभणीकर
नावं मराठीत ठेवणार असाल तर एक्सेलमधून सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-8 निवडा, साधी सीएसव्ही केली की औसा, रेणापूर सगळ्याच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, माझे दोन दिवस गेले ह्यात. पोर्ट आयपीनंतर कॉमा देऊन लिहायचा, कोलन नाही. आणि अजून एक महत्त्वाचं, ग्रुपवर क्वेरी (डेटाबेसला द्यायचा प्रश्न किंवा आदेश) उघडली की ती सगळ्या शाखांवर एकदम चालते, खालची पट्टी गुलाबी झालेली दिसते. बघायला हे फार चांगलं, निकालात सर्व्हरचं नाव पण येतं, पण मी एकदा एका शाखेसाठीचा अपडेट तिथंच चालवला आणि रात्री 2 पर्यंत बॅकअप रिस्टोर करत बसलो होतो. ग्रुपसाठी फक्त वाचायचा अधिकार असलेला वेगळा लॉगिन करा, तोच नोंदवा.

मांजराकाठ
झालं! 43 नोंदी दोन मिनिटांच्या आत पडल्या, लई मोठं काम केलं तुम्ही लोकांनी. वाचायचा लॉगिन सगळीकडं केला आधी. एक शिकलो, नोंद करताना सर्व्हर चालू हाय का बंद, आयपी खरा का खोटा हे काहीच तपासलं जात नाही, तो फक्त पत्ता लिहून घेतो. म्हणून ग्रुपवर सर्व्हरचं नाव विचारणारी एक ओळीची क्वेरी चालवली आणि एक्सेलशी ताडून बघितलं तर जळकोटच्या ओळीत देवणीचा आयपी निघाला, आणि तो एक्सेलमध्येच कवापासून चुकीचा होता. चाकूरला लाइट नव्हती म्हणून तिथलं उत्तर आलं नाही, सकाळी परत चालवतो.