मदत हवी आहे: मटकीच्या पानांतलं पी५सीएस प्रोलिनने दबत का नाही?

प्रश्न
मटकीच्या पानांच्या कच्च्या अर्कात पी५सीएस मोजतोय (ग्लुटामेटपासून प्रोलिन बनवण्याची सुरुवात करणारं एन्झाइम; प्रोलिन साठलं की ते दबायला हवं). मिश्रणात ५० मिलीमोलर एल-ग्लुटामेट, १० एटीपी, २० मॅग्नेशियम क्लोराइड, १०० हायड्रॉक्सिलअमाइन. पीएच ७, तापमान ३७ अंश. शेवटी आम्लातलं फेरिक क्लोराइड घालून ५३५ नॅनोमीटरला वाचन. तांबूस-तपकिरी रंग झकास येतो, पण १० मिलीमोलर प्रोलिन घातलं तरी तसूभर कमी होत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर १
तो रंग बहुतेक पी५सीएसचा नाहीच. पी५सीएस ग्लुटामेटवर एटीपीचा फॉस्फेट चढवतं आणि हायड्रॉक्सिलअमाइन ते ग्लुटामिल फॉस्फेट मधल्यामध्ये पकडून हायड्रॉक्सामेट बनवतं; फेरिक क्लोराइडने रंग येतो तो याचाच. पण ग्लुटामिन सिंथेटेजही (ग्लुटामेट आणि अमोनियापासून ग्लुटामिन बनवणारं एन्झाइम) अमोनियाऐवजी हायड्रॉक्सिलअमाइन घेऊन हुबेहूब तेच हायड्रॉक्सामेट देतं. हिरव्या पानात ते रगड असतं आणि प्रोलिनला तुमच्या पी५सीएससारखं जुमानत नाही.

ग्लुटामिन सिंथेटेज बंद करायला मेथिओनिन सल्फॉक्सिमीन १ मिलीमोलर घाला, पण ग्लुटामेटच्या आधी, एटीपी आणि मॅग्नेशियमसोबत १० मिनिटं. ग्लुटामिन सिंथेटेज आधी सल्फॉक्सिमीनलाच फॉस्फेट लावतं, मगच ते एन्झाइमला घट्ट चिकटतं. सगळं एकदम ओतलंत तर ग्लुटामेट जागा अडवून बसतं. यानंतर जो रंग उरेल, त्यावर प्रोलिन लावून बघा.

अर्क सेफाडेक्स जी-२५ मधून (प्रोलिनसारखे लहान रेणू वेगळे काढणारा जेलचा स्तंभ) काढलाय का? ताण दिलेल्या पानात मुळातच प्रोलिन साठलेलं असतं. ते राहिलं तर तुमचं ‘प्रोलिनविना’ वाचनही दबलेलंच. आणि हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन केल्याशिवाय वापरू नका, पीएच धाडकन उतरतो.

उत्तर २
वरच्याला जोड. ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच (पी५सीएसच्या पुढच्या पायरीत खर्च होणारं सहएन्झाइम) घटताना मोजा, इथे हायड्रॉक्सिलअमाइन लागतच नाही. सुरुवात एटीपीने करा, एक कोरी नळी ग्लुटामेटविना ठेवा. पी५सीएसची दुसरी बाजू एनएडीपीएच वापरून ग्लुटामिल फॉस्फेटचं सेमिअल्डिहाइड करते, ते आपणहून वळून पी५सी (पायरोलिन-५-कार्बोक्झिलेट, प्रोलिनच्या आधीचा रेणू) होतं. त्याला एन्झाइम लागत नाही. मात्र कच्च्या अर्कात पी५सी रिडक्टेजही असतं, ते पी५सीचं प्रोलिन करताना आणखी एक एनएडीपीएच खातं. म्हणजे एका ग्लुटामेटमागे दोनपर्यंत, आकडा दुपटीपर्यंत फुगू शकतो.

प्रश्नकर्ता
जी-२५ केलं नव्हतं, हायड्रॉक्सिलअमाइनही तसंच घातलं होतं. ताजा अर्क काढून सल्फॉक्सिमीनसह आणि विना, दोन्ही वाचनं इथे टाकतो.