लघुप्रबंधासाठी मार्गदर्शकांची मदत किती आणि कशी घ्यावी?

परळची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मुंबईतील एका महाविद्यालयात इतिहास विषय घेऊन ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला शिकते आणि संशोधनासह पदवी घ्यायची असल्यामुळे मला यंदा स्वतंत्रपणे लघुप्रबंध लिहायचा आहे. मी ‘गिरणगावातील खानावळी आणि त्या चालवणाऱ्या स्त्रिया’ हा विषय निवडला, कारण माझी आजी लालबागच्या चाळीत वीस-बावीस गिरणी कामगारांना जेवू घालत असे आणि तिच्या हिशेबाची एक वही आमच्या घरी अजून जपून ठेवलेली आहे. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे महिन्याचे दिवस मांडलेले असून, जो ज्या दिवशी जेवला नाही त्या दिवशी फुली मारून शेवटी खाडे वजा केलेले आहेत.

माझ्या मार्गदर्शक मॅडम पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास देतात. तीन भेटी झाल्या, पण ‘विषय फार पसरट आहे’ यापलीकडे त्यांनी स्पष्ट काही सांगितलेले नाही. उलट प्रत्येक वेळी त्याच मला प्रश्न विचारतात. पुढे काय करायचे हे त्यांनाच थेट विचारावे का? तसे विचारले तर प्रबंध स्वतंत्र कसा राहील, हीही शंका मनात येते.

निवृत्त प्राध्यापक

मी अनेक वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले आहे, त्यामुळे आधी मॅडमच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. विषय कुठे कापायचा हे त्यांनी ठरवून दिले, तर तो प्रबंध त्यांचा होईल. स्वतंत्र संशोधन म्हणजे निर्णय तुमचे असणे आणि ते टिकतात की नाही हे तपासण्याचे काम मार्गदर्शकांचे असणे. त्यामुळे ‘काय करू?’ असे विचारू नका. ‘मी असे ठरवले आहे, त्याची कारणे ही, यात कुठे चूक दिसते?’ असे विचारा, आणि तेही लिहून न्या. भेटीच्या दोन दिवस आधी दीड-दोन पाने मॅडमकडे पोहोचली, तर त्याच अर्ध्या तासातून तुम्हाला कितीतरी जास्त मिळेल, कारण कोऱ्या कागदावर कोणालाही शेरा मारता येत नाही. भेट संपली की ठरलेल्या गोष्टी त्याच संध्याकाळी चार ओळींत लिहून त्यांना पाठवा.

आता तुमच्या विषयाबद्दल. मुंबईत पहिली कापड गिरणी 1850 च्या दशकात उभी राहिली आणि तेव्हापासून 1980 च्या दशकापर्यंतच्या सगळ्या खानावळी एका वर्षात कोणालाही आवाक्यात घेता येणार नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात या संशोधन प्रकल्पाला 12 श्रेयांक आहेत, म्हणजे चार श्रेयांकांच्या तीन विषयांएवढेच काम अपेक्षित आहे. तुमच्याजवळ जे साधन आहे ते दुसऱ्या कोणाजवळ नाही, म्हणून सुरुवात वहीपासून करा. ती कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची आहे? दर किती होता आणि तो कधी वाढला? उधारी कोणाची थकली? ज्या प्रश्नाचे उत्तर या वहीतून निघू शकते तोच तुमचा प्रश्न, आणि बाकीचे सगळे पार्श्वभूमीच्या प्रकरणात दहा पानांत बसवायचे.

सातरस्ता

मी तीन वर्षांपूर्वी असाच लघुप्रबंध लिहिला, त्यातली एक चूक सांगते. मी सात मुलाखती मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, पण कोणाची मुलाखत, कुठे आणि कोणत्या तारखेला झाली हे लगेच लिहून ठेवले नाही. चार महिन्यांनी उतरवायला बसले तेव्हा दोन आवाज कोणाचे हेच कळेना, आणि मार्गदर्शकांनी त्या दोन्ही मुलाखती वगळायला लावल्या. तेव्हा मला फार वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. बोलणाऱ्याची लेखी संमतीही त्याच दिवशी घ्यावी. तुमच्या वहीत तर माणसांची नावे आणि त्यांची थकलेली उधारी आहे. त्यांची मुले-नातवंडे आजही त्याच भागात राहत असतील, म्हणून नावे बदलायची का हे मॅडमना अगदी सुरुवातीलाच विचारून घ्या. हा निर्णय मात्र एकटीने घेण्यासारखा नाही.

ग्रंथालयातला माणूस

साधनांबद्दल थोडेसे. मुंबई सरकारच्या कामगार खात्याचे ‘लेबर गॅझेट’ 1921 पासून निघू लागले आणि कामगार कुटुंबांच्या खर्चाचा विचार करताना ते पाहायलाच हवे; रॉयल कमिशन ऑन लेबरचा 1931 चा अहवालही पाहावा. खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, तो धागा तुमच्या आजीच्या काळाशी जवळचा आहे. मराठी पुस्तके आणि जुनी नियतकालिके यांच्यासाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आधी गाठा. सरकारी अभिलेखागारात जाण्यापूर्वी महाविद्यालयाचे पत्र, मार्गदर्शकांची सही आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. हे पत्र आजच मागा, कारण सहीवाचून आठवडे वाया गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

परळची विद्यार्थिनी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल आईबरोबर बसून वही पानोपान पाहिली. ती जून 1981 ते सप्टेंबर 1982 या काळातली आहे, म्हणजे 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप तिच्या बरोबर मध्ये येतो, आणि इतके दिवस वही घरात असूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते. डिसेंबरात बावीस नावे आहेत, मे महिन्यात नऊच उरली आहेत. संप लांबत गेला तशी खानावळवालीच्या घरची उधारी कशी वाढली आणि तिने ती कशी निभावली, एवढाच प्रश्न मी घेणार आहे. दोन पाने लिहून झाली आहेत आणि आज रात्री मॅडमना पाठवते. एक गोष्ट मात्र त्यांना प्रत्यक्षच दाखवायची आहे: मार्चपासून काही नावांपुढे फुल्या मारणे आजीने थांबवले असून तिथे फक्त ‘गावी गेला’ असे लिहिले आहे, आणि त्यांच्या बाकीचा आकडा पुढच्या प्रत्येक महिन्यात तसाच उतरवलेला आहे.